ओट्याची उंची कोण ठरवतं?

पुण्यात, मुंबईत, ठाण्यात पुनर्विकासाचा धडाका सुरू झाल्यापासून मध्यमवर्गीय घरांत एक वाद हटकून ऐकू येतो. जुनी इमारत पडली, काही वर्षं भाड्याच्या घरात निघाली, आता नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली. तर इंटिरियर कसं करायचं? मुलगा-सून म्हणतात, मोकळं ठेवू. पांढऱ्या भिंती, कमीत कमी सामान, उगाच पसारा नको. आई-वडील म्हणतात, जन्मभर काटकसर केली, आता एकदा होऊन जाऊ दे हौस. शोकेस हवं, फॉल्स सीलिंग हवं, चार लोकांनी नाव काढलं पाहिजे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हीच लढत चाललेली असते: साधेपणा की हौस? मला हा वाद मुळातच फसलेला वाटतो, कारण भांडणाऱ्या दोन्ही बाजू घराकडे दारात उभं राहून बघतात. एकीला तिथून मोकळी भिंत दिसायला हवी, दुसरीला भरलेली. त्या भिंतींच्या आत दिवसाचे सोळा-अठरा तास कोण असतं, त्याचे गुडघे कसे आहेत, त्याला किती दिसतं, त्याचा हात कुठवर पोचतो, हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. घरात ज्याचे सर्वांत जास्त तास जातात आणि घरात जो सर्वांत अशक्त आहे, त्यांच्या सोयीने घर सजवावं. पैसाही आधी तिथेच खर्चावा. उरला तर बाकीच्यांनी रंगांवरून खुशाल भांडावं.

ओळखीतल्या एका काकूंचं नवं स्वयंपाकघर अलीकडे पाहिलं. मॉड्युलर, चकचकीत, बोटाने ढकललं तरी आवाज न करता मिटणाऱ्या ट्रॉल्या. काकूंची उंची पाच फूट, असलीच तर अर्धा इंच कमी. ओटा चौतीस इंच. त्यावर चार-पाच इंचांची शेगडी आणि शेगडीवर पातेलं. आमटी ढवळताना काकूंचा खांदा कानाला लागायला येतो. म्हणून त्यांनी माळ्यावरचा एक जुना पाट काढून शेगडीसमोर टाकला आहे. फोडणी द्यायची की पाटावर चढायचं, सिंककडे वळायचं की उतरायचं, आणि उतरताना एक हात ओट्याच्या कडेला. गुडघे दुखणाऱ्या बाईची दिवसभर ही कवायत. हिशेब काही अवघड नाही. उभ्याने काम करायची जागा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावी. पाच फुटी बाईचं कोपर जमिनीपासून साधारण साडेसदतीस इंचांवर येतं. म्हणजे चिरायला आणि कणीक मळायला बत्तीस-तेहेतीस इंच ठीक. पण शेगडीखालचा ओटा त्याहूनही चार इंच तरी उतरता हवा. असा दोन उंच्यांचा ओटा कुठलाही बरा गवंडी बांधून देईल. पण डिझायनरने लॅमिनेटच्या रंगासाठी काकूंना पुन्हा पुन्हा फोन केले आणि उंचीसाठी टेप एकदाही लावली नाही. गंमत म्हणजे गॅसचं तोंड कुठल्या दिशेला असावं, याची चौकशी वास्तुतज्ज्ञाकडे रीतसर फी भरून झाली होती.

याच स्वयंपाकघरात ओट्याला जोडून एक ब्रेकफास्ट काउंटर आहे, आणि त्याला दोन उंच स्टुलं. बसायची सोय खाणाऱ्यांना, करणारीला नाही. आपल्या आज्या चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत, विळीवर बसून भाजी चिरत. गॅस आला, उभा ओटा आला, उकिडवं बसणं सुटलं ते चांगलंच झालं. पण बसणं या गोष्टीचीच स्वयंपाकघरातून हकालपट्टी झाली आणि तिच्या जागी खुर्ची काही आली नाही. मेथीची जुडी निवडायला, वाटाणे सोलायला उभं राहायचं कारण काय? लाखभर रुपयांच्या ट्रॉल्या बसवणाऱ्या घरात ओट्याखाली पाय जातील एवढी रिकामी जागा आणि एक साधं स्टूल का मावत नाही?

स्वयंपाकघराबाहेरही हाच प्रकार. सोफे इतके खोल आणि इतके बुटके, की सत्तरीतला माणूस त्यात बसतो खरा, पण उठताना त्याला दोघांचा हात लागतो. सोफा चांगला दिसतो म्हणून हात असलेली, अठरा इंच उंचीची लाकडी खुर्ची भंगारात जाते. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, सांगते. बिल्डर जेमतेम तेवढी देतो आणि त्यातले सहा-आठ इंच आपण होऊन फॉल्स सीलिंगला वाहतो. मग पंखा छताला चिकटतो आणि वारा लागत नाही म्हणून एसी येतो. त्या सीलिंगच्या खाचेतून पिवळसर उजेड झिरपतो; फोटोत झकास दिसतो, पण त्यात पेपर वाचता येत नाही. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, हे नेत्रतज्ज्ञ कधीचे सांगत आले आहेत. आजोबा संध्याकाळी पेपर घेऊन बाथरूमच्या दारातल्या ट्यूबलाइटखाली का उभे राहतात, याचं उत्तर त्यांच्या विक्षिप्तपणात शोधू नये. आणि बाथरूमचं म्हणाल, तर त्याचं दार आत उघडतं. आतला माणूस घसरून दाराला टेकून पडला, तर ते बाहेरून उघडता येत नाही. दार बाहेर उघडणारं करणं आणि बाहेरून फिरवता येईल अशी कडी लावणं, याला सुताराचा एक दिवस पुरतो. इंटिरियरच्या किती कोटेशनमध्ये ही ओळ असते?

आता समोरच्यांचं ऐकू. साधेपणावाल्यांचा सर्वांत बळकट मुद्दा सौंदर्याचा नसून झाडझुडीचा आहे. वस्तू जितक्या जास्त तितकी धूळ जास्त, आणि ती पुसणार घरातली बाई किंवा कामाला येणारी मावशी. शोकेसमधले काचेचे हत्ती दर दिवाळीला कोण धुतं ते आपण पाहतोच. हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, आणि तो राहणाऱ्याच्या कष्टाकडे बघतो म्हणूनच मान्य आहे. पण मग पांढरा सोफा कसा चालतो? ज्यावर हळदीचं बोट पडलं तर दिवस वाया जातो, असं पांढरंशुभ्र किचन कुणाचे कष्ट वाचवतं? मोकळ्या भिंतीच्या नादात कपाटांना मुठी नसतात, स्विचची बटणं लपवलेली असतात, आणि आजीच्या गोळ्यांचा डबा, चष्मा, पाण्याचा तांब्या, जपमाळ हे सगळं ‘पसारा’ ठरून ड्रॉवरमध्ये जातं. हाताशी असणं हीच त्या वस्तूंची सोय होती. ड्रॉवर उघडायला आजीला पलंगावरून उतरावं लागतं.

आणि साधेपणाचं उदाहरण द्यायचंच, तर सेवाग्रामचं द्यावं. वर्ध्याजवळची बापूकुटी आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांच्यासाठी होती, पुढे गांधीजी तिथे राहायला गेले. कूड, माती, कौलं. याहून कमी सामानात घर होणं कठीण. पण आत गेलं की भिंतींवर मातीच्या उठावातली ताडाची झाडं दिसतात, चरखा दिसतो, ॐ दिसतो. मीराबेननी स्वतःच्या हातांनी केलेलं काम. बैठकीशेजारी लागणाऱ्या वस्तू हाताच्या टप्प्यात मांडलेल्या, आणि मालिश करून घेण्यासाठी वेगळं लाकडी मेज. अपरिग्रहाचं व्रत घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाने शरीराच्या गरजेला नाही म्हटलं नाही, आणि राहणाऱ्या बाईच्या हातून उमटलेली सजावट खरवडूनही काढली नाही. आजच्या कॅटलॉगमधला साधेपणा त्यापुढे मला फारच दिखाऊ वाटतो.

हौसवाल्यांचा मुद्दा याहून अवघड आहे. घर काय फक्त राहणाऱ्यांचं असतं? दारी आलेल्याला चांगल्या जागी बसवणं हा आपल्याकडे संस्कार आहे. शिवाय दाखवण्यात माणसाचा मान असतो. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या वाढलेलं कुटुंब ५०० चौरस फुटांच्या घरात जातं, तेव्हा त्यांना भिंतभर टीव्ही युनिट आणि झुंबर लावावंसं वाटलं, तर त्यांना ‘किती भडक’ म्हणणारे आपण कोण? ज्यांच्या वस्तीकडे लोक नाक मुरडून बघत, त्यांनी दर्शनी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची मोठी तसबीर प्रकाशात ठेवली, तर ते निव्वळ सुशोभन नाही; ते ठणकावून केलेलं विधान आहे. तेव्हा दाखवणं म्हणजे उथळपणा, हे वाक्य सहसा ज्यांना कधी काही सिद्ध करावं लागलं नाही त्यांच्या तोंडी असतं. एवढं सगळं मी मान्य करतो.

पण मान दाखवण्यासाठी सोय मोडावी लागते, हे कुठे ठरलं? खुद्द बाबासाहेबांचं राजगृह पाहा. १९३०च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी हे घर बांधलं ते ग्रंथांसाठी. खाली कुटुंबाचं राहणं, वर ग्रंथालय आणि कामाची जागा. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असं घर त्यांना बांधता आलं नसतं असं नाही. बॅरिस्टर होते, नाव देशभर झालेलं होतं. तरी घराचा आराखडा आखताना आपण दिवसरात्र काय करतो, हा प्रश्न पहिला आला. आणि त्या घराच्या प्रतिष्ठेत यामुळे तसूभरही उणं पडलं नाही. आज तिथे माणसं दर्शनाला जातात ती झुंबर पाहायला नक्कीच नव्हे. पाहुण्याचं म्हणाल, तर पाहुणाही शरीर घेऊनच येतो. म्हाताऱ्या आत्याबाई आल्या, तर त्यांनाही उठता येईल अशी खुर्ची, न घसरणारी फरशी आणि रात्री बाथरूमपर्यंत दिसेल एवढा उजेड लागतो. शोकेसमधला हत्ती त्यांच्या कामाचा नाही.

इथे एक तिसरा गट मध्ये पडतो: ‘पूर्वीची घरं किती सोयीची होती!’ शेणाने सारवलेली थंड जमीन, झोपाळा, ओसरी, चौकातला उजेड. झोपाळ्याबद्दल माझंही फार चांगलं मत आहे. शहाबादी फरशीबद्दलही, तिला आता मोरीपुरतं उरवलंय, पण ओल्या पायाला ती जो धीर देते तो मोरबीच्या आरशासारख्या व्हिट्रिफाइड टाइल्सना जन्मात जमणार नाही. पण ओसरीच्या आठवणी काढणाऱ्यांनी जरा आत यावं. वाड्याचा वारा-उजेड ओटीवर आणि सोप्यावर, म्हणजे पुरुषांच्या आणि आल्यागेल्याच्या वाट्याला. माजघर अंधारं, बाळंतिणीची खोली त्याहून अंधारी, आणि स्वयंपाकघरात धूर इतका की तुळया काळ्या पडलेल्या. तिथे ज्यांची फुप्फुसं त्या तुळयांबरोबर काळवंडली, त्यांनी ‘पूर्वीचं घर’ या विषयावर फारसं लिहिलेलं नाही. गोव्यातल्या जुन्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरांतही रस्त्याकडचं सगळ्यांत देखणं दालन समारंभांसाठी राखलेलं असे आणि घरच्यांचा रोजचा वावर मागच्या अंगाला. दर्शनी भागाने घर गिळण्याचा रोग फ्लॅटसंस्कृतीने आणलेला नाही. तो आपल्याला वारशात मिळाला आहे.

मग तज्ज्ञांवर सोपवावं का? त्यांचाही इतिहास तपासून घ्यावा. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुकार बाईने जर्मनीत ‘फ्रँकफर्ट किचन’ घडवलं. १.९ बाय ३.४ मीटरचं चिमुकलं स्वयंपाकघर, पण बाईची पावलं मोजून, हालचाली टिपून आखलेलं. खिडकीपाशी बसून काम करायला फिरतं स्टूल, साखर-तांदळासारख्या जिनसांसाठी ॲल्युमिनियमचे खण. शंभर वर्षांपूर्वी तिला स्टूल सुचलं, याबद्दल तिला मुजरा. फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींत अशी सुमारे दहा हजार किचनं बसली, आणि आजचं सगळं मॉड्युलर प्रकरण तिथूनच निघालं आहे. पण राहायला आलेल्या बायका कुरकुरल्या: दोघी एका वेळी आत मावत नाहीत, पोरं पायात घेता येत नाहीत, जेवणाच्या टेबलापासून आपण तुटलो. मोजमाप चोख होतं. पण ते एकट्याने काम करणाऱ्या एका काल्पनिक बाईचं होतं. खुद्द डिझायनरला तोवर स्वयंपाकाचा अनुभव नव्हता, हे पुढे तिनेच सांगितलं. त्याच दशकात फ्रान्समध्ये बोर्दोजवळ पेसाक इथे वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने कामगारांसाठी वसाहत बांधली. सपाट छपरं, लांबच लांब खिडक्या. राहणाऱ्यांनी हळूहळू उतरती छपरं चढवली, खिडक्या अरुंद केल्या, गच्च्या बंद केल्या. सौंदर्याचे जाणकार हळहळले. आपल्याकडे बाल्कनी आत घेणाऱ्यांवर जी टीका होते, तिचा सूर अगदी हाच असतो.

त्या टीकेत तथ्य आहेच. बाहेर काढलेल्या सज्जावर विटांची भिंत चढवणं, हवी ती भिंत पाडणं, यातून अख्खी इमारत धोक्यात येते. ‘माझं घर, माझी सोय’ हा तिथे युक्तिवाद होऊ शकत नाही. पण बाल्कनी आत घेऊन माणसं तिथे काय ठेवतात तेही पाहा ना. आजोबांचा पलंग, दहावीतल्या मुलीचं टेबल, वॉशिंग मशीन. घराच्या आराखड्यात ज्यांना जागाच नव्हती, ती माणसं आणि कामं. आराखडा काढणाऱ्यानेच याचा आधी विचार केला तर? वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीत तो केला. छोट्या चौकांभोवती घरांचे झुपके, आणि कुठल्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे शेजाऱ्याला धक्का न लावता ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी त्याच काळात इंदूरच्या अरण्य वसाहतीत आणखी पुढे गेले. गरिबातल्या गरीब कुटुंबाला जोतं, संडास, नळ, फार तर एक खोली. पुढचं घर त्या कुटुंबाने ऐपतीनुसार, गरजेनुसार उभारायचं. कुणी जिना बाहेरून काढला, कुणी ओटलीवर दुकान थाटलं, कुणी निळा रंग दिला, कुणी गुलाबी. १९९५मध्ये त्या वसाहतीला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. बेलापूरची बरीच घरं आता ओळखू येत नाहीत इतकी बदलली आहेत, काही अगदी बेढब झाली आहेत. माझ्या मते तो प्रयोग फसल्याचा पुरावा नाही. माणसं तिथे राहताहेत, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वांत टोचणारा आक्षेप वेगळाच आहे. ‘राहणाऱ्यांची सोय’ म्हणजे कुणाची? घरात पाच माणसं असतील तर पाच सोयी. आजोबांना टीव्ही मोठ्याने हवा, मुलीला अभ्यासाला शांतता. एकाला पंखा सोसत नाही, दुसऱ्याला त्याशिवाय झोप नाही. आणि सगळं अशक्त माणसाच्या मापाने केलं, तर तरुण माणसांनी दवाखान्यात राहायचं का? स्टीलचे दांडे आणि रबरी मॅट पाहून कुणाचं मन प्रसन्न होतं? हे खरं आहे, आणि म्हणूनच मी तास आणि अशक्तपणा असे दोन निकष धरतो, वय किंवा मान धरत नाही. जो दिवसातून दहा तास बाहेर असतो, त्याने दिवाणखान्याच्या रंगावर शेवटचा शब्द का म्हणून बोलावा? घर कोण चालवतं आणि घराबद्दल निर्णय कोण घेतो, ही दोन माणसं आपल्याकडे सहसा वेगळी असतात. सजावटीची भांडणं रंगाची दिसतात, पण मुळात ती या अधिकाराची असतात. दवाखान्याचं म्हणाल, तर हाताला धरायचा दांडा सागवानीही असू शकतो. खरखरीत फरशी सुंदर रंगात मिळते. ज्या उजेडात आजोबांना वाचता येतं, त्यात नातवालाही गणितं सोडवता येतात. आणि बाहेर उघडणारं दार पंचविशीतल्या माणसाला नेमकं कुठे बोचतं?

भाडेकरूंचं काय, असं कुणी विचारेलच. अकरा महिन्यांचा करार, खिळा ठोकायचा नाही, रंग बदलायचा नाही. त्यांच्या दृष्टीने ही सगळी चर्चा मालकांची चैन आहे. अर्धंच खरं. दारं-ओटे त्यांना बदलता येणार नाहीत. पण हात असलेली बरी खुर्ची, वाचायच्या जागी उभा दिवा, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, मोरीत न घसरणारी मॅट, ओट्याशी स्टूल, हे सगळं टेम्पोत घालून पुढच्या घरी नेता येतं, आणि एका खोलीच्या फॉल्स सीलिंगच्या पैशांत होतं. उलट सोयीला अग्रक्रम दिला तर सजावट ही मालकांची मक्तेदारी राहत नाही. दिखाऊ सजावट भिंतीला चिकटलेली असते, म्हणून ती भाडेकरूला परवडत नाही.

आणि मग येतो पैशाचा मुद्दा, जो बोलला जातो दबक्या आवाजात पण निर्णय बहुधा तोच घेतो. ‘उद्या विकायचं झालं तर? उतरता ओटा, बाथरूमला दांडे, दिवाणखान्यात आजोबांची खुर्ची; गिऱ्हाइकाला काय वाटेल? सर्वांना आवडेल असंच करावं.’ घरात आयुष्याची पुंजी अडकलेली असते, तेव्हा ही काळजी हास्यास्पद नाही. पण तिच्यामागचा अंदाज चुकीचा आहे. कुठल्याही सोसायटीत फ्लॅट विकला गेला की पहिल्या पंधरवड्यात काय होतं ते बघावं. ड्रिलचा आवाज सुरू होतो, वॉचमनशी हुज्जत होते, आणि लिफ्टपाशी राडारोड्याच्या गोण्यांची रांग लागते. त्या गोण्यांत जुन्या मालकाच्या टाइल्स असतात, मॉड्युलरचे पत्रे असतात आणि फॉल्स सीलिंगच्या जिप्समचा चुरा असतो. नव्या मालकाला त्यातलं काहीच आवडलेलं नसतं. त्याने घर घेतलं ते ठिकाण, चौरस फूट आणि कर्जाचा हप्ता बघून. त्याच्या आवडीचा अंदाज बांधत जुन्या मालकाची बायको पंधरा वर्षं पाटावर चढून आमटी ढवळत होती, हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.